प्रथिन औषधांचा बल्क गोठवणं, साठवणं, वितळवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुद्धीकरण आणि फॉर्म्युलेशन संपवून शेवटच्या ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून उतरलेलं द्रावण, म्हणजे ड्रग सबस्टन्स. प्लांटमध्ये सगळे त्याला 'बल्क' म्हणतात. हा बल्क फिल-फिनिशला (व्हायल-सिरिंज भरण्याच्या टप्प्याला) जाईपर्यंत काय काय सोसतो, याबद्दल उत्पादन, क्यूए (गुणवत्ता हमी) आणि गोदामातली मंडळी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. उत्तरं मुख्यतः मोनोक्लोनल अँटिबॉडी (पेशींत बनवलेली एकाच प्रकारची प्रतिपिंडं) आणि फ्यूजन प्रथिनं (दोन प्रथिनांचे भाग जोडून केलेली) डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

मुळात गोठवायचं कशाला? २ ते ८ अंशांत ठेवून चालत नाही का?

काही रेणूंना चालतं, आणि चालत असेल तर खुशाल तसंच ठेवा. पण बायोरिअ‍ॅक्टरचं वेळापत्रक आणि व्हायल भरण्याच्या लाइनचं वेळापत्रक कधीच जुळत नाही. बल्क इथे तयार होतो, भरला जातो दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात. मधल्या महिन्यांत द्रव अवस्थेत डीअमिडेशन, ऑक्सिडेशन हे रासायनिक बदल, तुकडे पडणं आणि अ‍ॅग्रीगेट होणं (रेणूंचे गुठळे बनणं) हळूहळू चालू राहतं. जंतूंची टांगती तलवार असते ती वेगळीच. शिवाय ट्रकमध्ये हिंदकळणाऱ्या द्रवात हवेच्या पृष्ठभागावर प्रथिन उलगडतं. गोठवल्यावर हे सगळं जवळपास थांबतं आणि दोन-तीन वर्षांची मुदत मिळू शकते. या सोयीची किंमत मोजावी लागते ती गोठताना आणि वितळताना.

इंजेक्शनच्या खोक्यावर 'गोठवू नका' छापलेलं असतं. मग तेच औषध कारखान्यात उणे ७० ला कसं चालतं?

कारखान्यात कोणत्या भांड्यात, किती भरून, कोणत्या वेगाने गोठवायचं हे तपासून ठरवलेलं असतं. वितळवल्यावर द्रावण मिसळतात, त्याची चाचणी होते आणि भरण्याआधी ते पुन्हा फिल्टर होतं. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात यातलं काहीच नसतं. भरलेली सिरिंज गोठली तर पाणी फुगून रबरी बूच सरकू शकतं, तयार झालेले कण तिथेच राहतात, आणि रुग्णाला ते दिसतीलच असं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं क्षार असलेल्या लशी, उदाहरणार्थ हिपॅटायटिस बी, गोठल्या की अ‍ॅडजुव्हंटचे (लशीचा परिणाम वाढवणाऱ्या याच क्षाराचे) कण एकमेकांना चिकटतात आणि लस निकामी होते. तिथे बल्क असो की व्हायल, गोठवण्याचा प्रश्नच येत नाही.

थंडीमुळे प्रथिन खराब होतं का?

नुसत्या थंडीने क्वचितच. फार कमी तापमानाला प्रथिन आपोआप उलगडण्याचा प्रकार अस्तित्वात आहे, पण अँटिबॉडींत तो सहसा मुख्य गुन्हेगार नसतो. खरं नुकसान बर्फ करतो, आणि तेही दोन वाटांनी.

पहिली वाट म्हणजे संहती वाढणं. बर्फाच्या स्फटिकात फक्त पाण्याला जागा असते. साखर, मीठ, बफर, प्रथिन सगळं बाहेर ढकललं जातं. शाळेबाहेर प्लास्टिकच्या नळीत मिळणारी पेप्सी चोखली की रंग आणि गोडी आधी येते आणि मागे पांढरा फिका बर्फ उरतो, तोच हा प्रकार. आकड्यांत सांगायचं तर ०.९ टक्के मीठ उणे २१ अंशांपर्यंत पोचता पोचता उरलेल्या द्रवात २३ टक्क्यांवर गेलेलं असतं. सुक्रोजचं ५ टक्के द्रावण काच-अवस्थेला (काचेसारखं कडक होण्याला) येईपर्यंत उरलेल्या भागात सुमारे ८० टक्के साखर असते, म्हणजे सुरुवातीच्या पाण्यापैकी ९८ टक्क्यांहून जास्त पाण्याचा बर्फ झालेला असतो. या घट्ट पाकात प्रथिनाचे रेणू एकमेकांच्या अंगावर येतात आणि बाजूला मीठ आणि पीएच दोन्ही बदललेले असतात.

दुसरी वाट म्हणजे बर्फाचा पृष्ठभाग. प्रथिन बर्फाच्या कडेला चिकटतं, थोडं उलगडतं, आणि वितळल्यावर तशी उलगडलेली रेणूंची जोडी जमली की अ‍ॅग्रीगेट होतो. हे नुकसान पृष्ठभागाच्या प्रमाणात होतं. त्यामुळे ५० ग्रॅम प्रति लिटरच्या अँटिबॉडीला ते टक्केवारीत जाणवत नाही, पण ०.१ ग्रॅम प्रति लिटरच्या एन्झाइमचा मोठा हिस्सा त्यातच जाऊ शकतो. पातळ द्रावण गोठवायचं असेल तर जास्त काळजी घ्या.

फॉस्फेट बफर नको असं सगळे का म्हणतात?

सोडियम फॉस्फेट नको, असं नेमकं म्हणा. बफर दोन क्षारांच्या जोडीवर चालतो. त्यातला डायसोडियम फॉस्फेट गोठताना फार लवकर स्फटिक बनून बाजूला होतो. त्याचा युटेक्टिक बिंदू (बर्फासोबत क्षारही स्फटिक होतो ते तापमान) उणे अर्ध्या अंशाच्या आसपास आहे, तर मोनोसोडियमचा उणे १० च्या जवळ. जोडीतला अल्कधर्मी जोडीदार निघून गेला की उरलेल्या द्रवाचा पीएच घसरतो. सुरुवात ७ ला असली तरी तो ४ च्या आसपास जाऊ शकतो. पीबीएसमध्ये (मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये) मिठातलं जादा सोडियम असल्यामुळे हे आणखी सोपं होतं. पोटॅशियम फॉस्फेटमध्ये घसरण जवळपास नसते. साखर भरपूर असेल किंवा द्रावण फार झपाट्याने गोठलं तर स्फटिकीकरण दबतं, पण त्या भरवशावर फॉर्म्युलेशन बांधू नये.

वितळल्यावर पीएच परत ७ दाखवतो, म्हणून मीटरवर काही कळत नाही. कळतं ते एसईसीमध्ये (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीत), अ‍ॅग्रीगेटचं शिखर वाढलेलं दिसतं तेव्हा. म्हणून अँटिबॉडीसाठी हिस्टिडीन, सिट्रेट किंवा अ‍ॅसिटेट हे नेहमीचे पर्याय. ट्रिस वापरत असाल तर लक्षात ठेवा, २५ अंशांना ८.० वर बसवलेला ट्रिस ५ अंशांना ८.५ च्या वर जातो. तो गोठण्याचा नाही, तापमानाचा परिणाम आहे.

साठवण उणे २० ला, ४० ला की ७० ला?

हा प्रश्न फ्रीझरच्या उपलब्धतेवरून सोडवला जातो, आणि तिथेच चूक होते. आधी आपल्या फॉर्म्युलेशनचा टीजी-प्राइम डीएससीवर (नमुना तापवताना-थंड करताना उष्मा मोजणाऱ्या उपकरणावर) मोजून घ्या. बर्फाबाहेर उरलेला घट्ट पाक ज्या तापमानाखाली काचेसारखा कडक होतो, ते हे तापमान. निव्वळ सुक्रोजचा टीजी-प्राइम उणे ३२-३३ च्या आसपास, ट्रेहलोजचा उणे ३० च्या जवळ, सॉर्बिटॉलचा त्याहून बराच खाली, उणे ४३-४४ च्या आसपास. प्रथिनाचं प्रमाण वाढलं की आकडा वर सरकतो, मिठाने खाली येतो.

उणे २० ला सुक्रोजवाली बाटली हाताला दगड लागते, पण आत बर्फाच्या जाळीत पाक अजून हलता असतो. त्यात रेणू सरकतात, रासायनिक क्रिया चालतात, साखरेचे स्फटिक वाढू शकतात. त्यामुळे उणे २० ला काही महिन्यांनी जे नुकसान दिसतं ते २ ते ८ अंशांच्या नमुन्यापेक्षाही जास्त असू शकतं. हे पचायला जड जातं, पण घडतं.

उणे ४० हे पुष्कळ सुक्रोज-हिस्टिडीन फॉर्म्युलेशनांना पुरतं आणि फ्रीझर तुलनेने स्वस्त आणि कमी कटकटीचे मिळतात. उणे ७० मध्ये सुरक्षिततेचं अंतर जास्त, पण वीज, बिघाड आणि भांड्याचा ठिसूळपणाही जास्त. 'जितकं थंड तितकं चांगलं' असं सरसकट म्हणू नका.

सुक्रोज, ट्रेहलोज, सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, यातलं काय घ्यावं?

गोठवलेल्या बल्कसाठी आमचं मत सुक्रोजच्या बाजूने आहे, साधारण ५ ते १० टक्के. ते गोठल्यावर स्फटिक बनायला सहजी तयार होत नाही. ट्रेहलोजची ख्याती मोठी आहे, पण उणे २० च्या आसपास लांब साठवणीत त्याचा डायहायड्रेट स्फटिक बनू शकतो आणि मग प्रथिनाला कुणी वाली राहत नाही. प्रथिनाच्या तुलनेत ट्रेहलोज फार जास्त असेल तर हा धोका वाढतो. सॉर्बिटॉलचं असंच, उणे ३० च्या साठवणीत ते हळूहळू स्फटिक होऊन एका फ्यूजन प्रथिनाचे अ‍ॅग्रीगेट वाढल्याचा अभ्यास या क्षेत्रात सर्वांना परिचित आहे. मॅनिटॉल तर स्फटिक होण्यासाठीच ओळखलं जातं. लायोफिलायझेशनमध्ये (गोठवून वाळवताना) केक, म्हणजे वाळलेला गोळा, उभा राहायला ते कामाचं, पण प्रथिनाचं रक्षण त्याच्यावर सोपवू नये.

बर्फाच्या पृष्ठभागाविरुद्ध पॉलिसॉर्बेट २० किंवा ८० (साबणासारखं पृष्ठभागावर बसणारं द्रव्य) लागतं, बहुतेक ०.०१ ते ०.०५ टक्के. ते यूएफ/डीएफ (मेम्ब्रेनने द्रावण घट्ट करणं आणि बफर बदलणं) नंतर घाला. आधी घातलं तर त्याचे मायसेल (रेणूंचे पुंजके) मेम्ब्रेनच्या आत अडकून साठत जातात आणि शेवटी किती उरलं याचा हिशेब लागत नाही.

बाटली, थैली की स्टीलची टाकी?

लहान बॅच आणि अनेक उत्पादनं असतील तर १ ते १० लिटरच्या पॉलिकार्बोनेट किंवा पीईटीजी प्लास्टिकच्या बाटल्या. त्या स्वस्त, हाताळायला सोप्या आणि उणे ७० ला मजबूत. उणीव ही की गोठण्यावर तुमचं नियंत्रण जवळपास नसतं. बाटली फ्रीझरमध्ये कुठे ठेवली यावरही वेग बदलतो.

थैल्या दोन थंड प्लेटांच्या मध्ये दाबून गोठवल्या की जाडी कमी राहते आणि थंडी दोन्ही बाजूंनी शिरते. गोठायला लागणारा वेळ साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हा फायदा मोठा. पण ईव्हीए प्लास्टिकची थैली उणे ७० ला ठिसूळ असते. कडक कवचाशिवाय ती उचलणं, रॅकवर आपटणं किंवा नळीला हिसका देणं म्हणजे वितळवल्यावर गळती. गळती बहुतेक वेळा सपाट भागात नसते, ती पोर्टच्या वेल्डिंगपाशी किंवा नळीच्या घडीत सापडते. वितळवण्याआधी तिथेच आधी बघा.

शंभर-तीनशे लिटरच्या जॅकेटवाल्या टाक्या, आतल्या पंखांसह, नियंत्रणात उत्तम. मात्र भांडवल, सफाईचं व्हॅलिडेशन (पद्धत खरंच काम करते हे सिद्ध करणं) आणि टाकीची वाहतूक बघता एकाच उत्पादनाचं मोठं प्रमाण असल्याशिवाय परवडत नाहीत.

बाटली किती भरायची? बूच किती घट्ट?

पाण्याचा बर्फ झाला की आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. १० लिटर म्हणून विकत घेतलेल्या बाटलीत ८ ते ८.५ लिटरच्या वर जाऊ नका. द्रावण बाजूंनी आत गोठत जातं, शेवटचा द्रव मधोमध वर उरतो आणि गोठताना वर फुगतो. बाटली काठोकाठ असेल तर हा फुगवटा बुचाला भिडतो.

बूच टॉर्क रेंचने लावा. आकडा बाटली बनवणाऱ्याने दिलेला. प्लास्टिक, लायनर आणि बुचाचे आटे थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे २० अंशांना घट्ट असलेलं बूच उणे ७० ला तसंच असेल असं गृहीत धरता येत नाही. क्लोजरची (बूच आणि तोंडाच्या जोडणीची) तपासणी साठवणीच्या तापमानाला झालेली हवी. खोलीतल्या तापमानाचा अहवाल दाखवून भागत नाही, आणि ऑडिटर हा प्रश्न हमखास विचारतात.

एका फ्रीझरमध्ये एकदम किती बाटल्या टाकता येतील?

जागा आहे तितक्या, असं उत्तर बहुतेक जण देतात. हिशेब करून बघा. एक किलो द्रावण २० अंशांवरून ० ला आणायला सुमारे ८४ किलोज्यूल काढावे लागतात. बर्फ करताना अप्रकट उष्मा ३३४ किलोज्यूल, आणि तिथून उणे ७० पर्यंत आणखी १३५-१४०. मिळून जवळपास ५५५. म्हणजे शंभर किलोला साडेपाच कोटी ज्यूल. अल्ट्रा-लो फ्रीझर त्या तापमानाला निव्वळ ४०० वॅट उष्णता ओढतो असं धरलं, तर फक्त एवढ्या कामाला ३८ तास लागतात, आणि तेही दार एकदाही न उघडता. या काळात फ्रीझरचं हवेचं तापमान वर जातं आणि आधीपासून ठेवलेला माल गरम होतो.

अल्ट्रा-लो फ्रीझर गोठलेला माल गोठलेला ठेवण्यासाठी बनवलेला असतो. गोठवण्यासाठी ब्लास्ट फ्रीझर किंवा प्लेट फ्रीझर वेगळा ठेवा, आणि माल गोठल्यावर साठवणीत हलवा. ते शक्यच नसेल तर भाराचा वरचा आकडा व्हॅलिडेशनमध्ये ठरवून एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) लिहा: कोणत्या शेल्फवर, किती बाटल्या, मध्ये किती अंतर. बाटल्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर मधलीला हवा लागत नाही आणि ती सगळ्यात शेवटी गोठते.

लवकर गोठवावं की सावकाश?

दोन्ही टोकं वाईट. फार सावकाश गोठवलं तर बर्फाची भिंत शांतपणे पुढे सरकत सगळी द्राव्यं मधल्या आणि खालच्या भागात ढकलत नेते. फार झपाट्याने, म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्यासारखं, गोठवलं तर बर्फाचे बारीक स्फटिक प्रचंड संख्येने होतात, पृष्ठभाग वाढतो आणि त्यावर जाणारं प्रथिनही वाढतं. शिवाय भांड्याला तडा जायची भीती. मोठ्या बाटल्यांत मात्र व्यवहारात झपाटा साधतच नाही. तिथे अडचण नेहमी सावकाशीचीच असते, म्हणून मोठ्या भांड्यांत वेग वाढवण्याकडे कल ठेवा: भांडं लहान करा, हवा फिरती ठेवा. २ लिटरच्या बाटलीचा व्यास १० लिटरच्या बाटलीच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि वेळ साधारण व्यासाच्या वर्गाने घटतो.

माल 'गोठला' असं केव्हा धरायचं?

फ्रीझरच्या दारावर उणे ७० दिसतंय म्हणून नाही. तो आकडा हवेचा. दहा लिटरच्या बाटलीच्या पोटात त्या वेळी अजून द्रव असू शकतो, आणि स्थिर हवेच्या फ्रीझरमध्ये गाभा खाली उतरायला एक दिवसाहून जास्त लागणं नवल नाही. अभ्यासाच्या वेळी प्लॅसिबो (प्रथिन नसलेलं तेच द्रावण) किंवा कमी किमतीचं प्रथिन भरून त्यात तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) सोडा: भिंतीपाशी, तळाशी, आणि पृष्ठभागाच्या थोडं खाली मधोमध. शेवटचा गोठतो तो बहुतेक हा तिसरा. त्याने टीजी-प्राइमखाली जायला घेतलेला वेळ अधिक थोडी मोकळीक, हा तुमचा किमान कालावधी. प्रत्यक्ष बॅचमध्ये मग तेवढे तास मोजा. दर बाटलीत थर्मोकपल घालायची गरज नाही.

वितळवताना काय काय सांभाळायचं?

गोठवण्यावर पानंच्या पानं लिहिली जातात आणि वितळवण्यावर एसओपीत दोन ओळी असतात: 'बाटली बाहेर काढावी, वितळू द्यावी.' आमच्या मते जास्त बॅच इथे अडचणीत येतात.

दोन रीती प्रचलित आहेत. शीतगृहात २ ते ८ अंशांना ठेवून देणं सुरक्षित वाटतं, पण १० लिटरला तीन दिवस किंवा जास्त लागू शकतात, आणि तेवढा वेळ बाहेरचा थर द्रव, आतला बर्फ अशी स्थिती राहते. त्यात लहान बर्फस्फटिक विरघळून मोठे वाढतात आणि पृष्ठभाग पुन्हा पुन्हा बदलत राहतो. दुसरी रीत २० ते २५ अंशांच्या पाण्याच्या कुंडात किंवा हवेत, हलत्या पाळण्यावर. काही तासांत काम होतं. पाणी यापेक्षा गरम करू नका. भिंतीलगतचं प्रथिन त्या तापमानाला तासन् तास राहतं. कुंडात बूच पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा आणि बाटली बाहेरून दुहेरी पिशवीत घाला, कारण कुंडातलं पाणी निर्जंतुक नसतं आणि आकसलेलं बूच नेमकं त्याच वेळी सैल असू शकतं.

काम संपलं कधी, तर शेवटचा बर्फाचा तुकडा दिसेनासा झाल्यावर, आणि पूर्ण द्रावण ठरलेल्या तापमानाला आल्यावर. बर्फ विरघळल्यापासून पुढचा वेळ मोजा आणि २ ते ८ अंशांत हलवायची मुदत ठरवून ठेवा.

वितळल्यावर द्रावणात तेलकट लाटा दिसतात. माल बिघडला का?

बहुधा नाही. वितळताना घट्ट, जड द्रावण खाली बसतं आणि जवळजवळ शुद्ध पाणी वर तरंगतं. बाटली हळूच तिरकी करून प्रकाशासमोर धरली की दोन थरांच्या सीमेवर सरबतात पाक सोडल्यासारख्या रेषा दिसतात. हलवली नाही तर ही स्थिती तासन् तास टिकते. वरच्या थरात प्रथिन मूळच्या निम्म्याहून कमी आणि तळाशी दीड-दोन पट असू शकतं. इथून वरवरचा नमुना घेतला तर ए२८० चा (प्रकाश-शोषणावरून मोजलेल्या प्रथिनाच्या संहतीचा) निकाल साफ चुकतो आणि विनाकारण ओओएसची (निकाल मर्यादेबाहेर गेल्याची) चौकशी लागते. याहून वाईट म्हणजे न मिसळता पंप लावला तर पहिल्या व्हायलींत एक औषध आणि शेवटच्यांत दुसरंच.

मिसळायचं ते बाटली सावकाश उलटसुलट करून किंवा रोलरवर फिरवून. जोरात झटकू नका. फेस म्हणजे हवेचा नवा पृष्ठभाग, आणि गोठताना बाहेर पडलेली हवा आधीच बुडबुड्यांच्या रूपात आत असते. किती फेऱ्या लागतात ते एकदा अभ्यास करून ठरवा: वरून, मधून, तळातून नमुने घ्या, प्रथिनाची संहती आणि ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या सगळ्या कणांचं प्रमाण) दोन्ही बघा. तिन्ही जागचे आकडे पद्धतीच्या त्रुटीच्या आत आले की पुरे.

एकदा वितळवलेला बल्क पुन्हा गोठवता येतो का?

अभ्यासात तपासलं असेल आणि परवानगीच्या कागदपत्रांत लिहिलं असेल तरच. नेहमीची पद्धत अशी की विकासाच्या टप्प्यावर तीन ते पाच फेऱ्या करून दाखवायच्या आणि उत्पादनात एकाच फेरीची मुभा ठेवायची. उरलेल्या फेऱ्या अपघातासाठी राखीव.

छोट्या नमुन्यावर केलेला अभ्यास मोठ्या बाटलीला लागू होतो का?

अर्धवट. ५ मिलिची ट्यूब दीड-दोन तासांत गोठते, तिच्यात द्राव्यं सरकायला वेळच मिळत नाही, आणि पृष्ठभाग मात्र आकारमानाच्या मानाने खूप जास्त. म्हणजे ती एक ताण कमी दाखवते आणि दुसरा जास्त. त्यापेक्षा ३० ते १०० मिलिच्या त्याच मटेरियलच्या थैल्या, आणि गोठण्याचा-वितळण्याचा वेळ मुद्दाम मोठ्या भांड्याइतका ताणलेला, ही रीत बरी. वाढलेल्या संहतीचा परिणाम स्वतंत्रपणे बघायचा तर मूळच्या दुप्पट संहतीचं द्रावण बनवून ते साठवा. निदान एकदा तरी पूर्ण आकाराच्या भांड्यात खरं द्रावण गोठवून खात्री करा. ते महागात पडतं, पण टाळता येत नाही.

स्थिरतेच्या अभ्यासाच्या लहान बाटल्यांनाही हेच लागू. आयसीएच क्यू५सी ही जैविक औषधांच्या स्थिरतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका किमान तीन बॅच मागते. मुदत एक वर्षाहून जास्त असेल तर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा आणि पुढे वर्षातून एकदा चाचणी. ते नमुने त्याच मटेरियलच्या भांड्यात हवेत. काचेच्या व्हायलीत ठेवलेला नमुना पॉलिकार्बोनेटमधल्या बल्कची साक्ष देऊ शकत नाही.

वितळवल्यावर कोणत्या चाचण्या करायच्या?

एसईसी, गढूळपणा, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची मोजणी, चार्ज व्हेरियंट (विद्युतभार बदललेले रेणू), पीएच, संहती, ऑस्मोलॅलिटी आणि पोटेन्सी (औषधाची ताकद). यात कणांच्या मोजणीला दुय्यम समजू नका. एसईसीच्या कॉलमच्या तोंडावरची जाळी मोठे कण अडवते, त्यामुळे एसईसी ९९ टक्के मोनोमर दाखवत असताना द्रावणात हजारो कण असणं शक्य आहे.

वीज गेली आणि फ्रीझर उणे ७० वरून उणे ४५ ला आला. बॅच टाकायची का?

घाईने काहीच करू नका, दार तर मुळीच उघडू नका. भरलेला फ्रीझर सावकाश गरम होतो, अर्धा रिकामा झपाट्याने; रिकाम्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणं हा जुना आणि चांगला उपाय. उणे ४५ हे टीजी-प्राइमच्या खाली असेल आणि मालाचं तापमान त्याहून वर गेलं नाही हे दाखवता येत असेल, तर डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून ढळल्याची नोंद) लिहून, आधीच्या अभ्यासाचा आधार देऊन बॅच वाचते. टीजी-प्राइमच्या वर काही तास गेले तर चाचणी लागते. काठावरचा बर्फ वितळला असेल तर ती एक पूर्ण फेरी झाली असं धरा.

इथे सरासरी गतिज तापमान (बदलत्या तापमानांऐवजी धरायचा एकच समतुल्य आकडा) काढून विषय मिटवायचा मोह होतो. तसं करू नका. ते सूत्र क्रिया तापमानाबरोबर एका नियमाने बदलतात असं धरतं. टीजी-प्राइम ओलांडताना नियमच बदलतो.

मालाचं तापमान कळण्यासाठी हवेच्या प्रोबशेजारी दुसरा प्रोब अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात किंवा काचेच्या मण्यांत बसवा. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी हे मिश्रण शीतगृहात ठीक, उणे ७० ला ते स्वतःच गोठतं.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी डीजीची (डिझेल जनरेटरची) चाचणी बहुतेक भाराशिवाय होते. डीजीवर वीज परत आली की दहा फ्रीझरचे कॉम्प्रेसर एकदम सुरू होतात आणि डीजी ट्रिप होतो. प्रत्येक फ्रीझरचा पुन्हा सुरू व्हायचा विलंब वेगवेगळा लावून ठेवा, कमी-जास्त व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर ठेवा, आणि महत्त्वाच्या फ्रीझरना द्रव नायट्रोजनचा किंवा द्रव कार्बन डायऑक्साइडचा बॅकअप द्या. घरगुती 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रीझर यात कधीच बसत नाही. बर्फ झटकण्यासाठी तो दिवसातून अनेकदा मुद्दाम गरम होतो.

ड्राय आइसमधून पाठवताना पीएच का बदलतो?

ड्राय आइस उणे ७८.५ अंशांना वायूत जातो आणि खोकं कार्बन डायऑक्साइडने भरतं. थंडीने बूच किंचित सैल झालेलं असतं, वायू आत शिरतो. वितळताना तो पाण्यात विरघळला की पीएच उतरतो. कमी बफर असलेल्या आणि जास्त रिकामी जागा असलेल्या लहान भांड्यांत हे जास्त दिसतं. वायू अडवणारी बाहेरची पिशवी, साठवणीच्या तापमानाला तपासलेलं क्लोजर, आणि पोचल्यावर न वितळवता अल्ट्रा-लो फ्रीझरमध्ये काही काळ ठेवून आतला वायू निघू देणं, असे तीन उपाय आहेत.

विमानाने जाणाऱ्या ड्राय आइसला यूएन १८४५, वर्ग ९ चं लेबल आणि निव्वळ वजन लिहावं लागतं. खोकं हवाबंद करू नका, वायूला वाट हवी. नागपूर किंवा अहमदाबादच्या मे महिन्यात विमानतळाच्या धावपट्टीलगत चार तास अडकलेलं खोकं डोळ्यांपुढे ठेवून ड्राय आइसचं वजन ठरवा, आणि वाटेत पुन्हा भरणारा माणूस कोण हे कागदावर आधी लिहा. बंद खोलीत किंवा व्हॅनमध्ये ड्राय आइस हाताळताना कार्बन डायऑक्साइड मीटर लागतोच.

लेबल आणि नोंदींत नेहमी काय राहून जातं?

साधं स्टिकर उणे ७० ला सुटून फ्रीझरच्या तळाशी पडतं. क्रायो-ग्रेड लेबल घ्या आणि ते बाटली कोरडी, खोलीच्या तापमानाला असतानाच लावा. दंव धरलेल्या बाटलीवर काहीच चिकटत नाही. नोंदींत भरण्याची वेळ असते, फ्रीझरमध्ये ठेवल्याची असते, पण या दोन्हींमधला खोलीच्या तापमानाचा वेळ कुणी मोजत नाही. तोच वेळ बायोबर्डनच्या (जंतूंच्या संख्येच्या) मर्यादेत बसला पाहिजे, म्हणून तो स्वतंत्र रकाना करा. बाटली शेल्फवरून शेल्फवर हलवली तरी नोंद करा, कारण मॅपिंगमध्ये (फ्रीझरच्या कोपऱ्याकोपऱ्यातलं तापमान मोजताना) सापडलेला गरम कोपरा बहुतेक वरच्या शेल्फवर दाराजवळ असतो आणि नंतर डेव्हिएशन आलं की पहिला प्रश्न तोच असतो: त्या दिवशी ही बाटली कुठे होती?